आमरसाच्या डब्याचा वायफाय अँटेना: मोठा डबा घेऊ का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. घरात फायबरचं कनेक्शन आणि राउटर आहे. तिथून साधारण ३५० मीटरवर, आंब्याच्या कलमांच्या पलीकडे, बागेतला मांगर (राखणीची खोप) आहे आणि हंगामात राखणीला बसताना तिथे लॅपटॉप चालवायचा आहे. त्यासाठी आमरसाच्या ८५० ग्रॅमच्या रिकाम्या डब्याचा अँटेना केलात. तळापासून ३१ मिलिमीटरवर भोक पाडून ३१ मिलिमीटरची तांब्याची तार बसवली, डबा मांगराच्या छपरावर बांधला, सहा मीटर आरजी-५८ ही अँटेनाची केबल खाली आणून यूएसबी वायफाय डोंगलला जोडली. हातातल्या मोबाईलवर घरचा राउटर तिथे कधीमधी दिसतो, डब्याला मात्र तेवढंही दिसत नाही. आणि आता विचारताय, मोठा डबा घेऊ का?

नका घेऊ. तुमच्या डब्यात एक चूक आहे, तिच्याकडे येतोच. पण सिग्नल मरतोय तो मुख्यतः त्या सहा मीटर केबलमध्ये, घराच्या चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) भिंतीत आणि कलमांच्या पानांत. त्या मानाने डबा बिचारा निर्दोष आहे.

मी सिंधुदुर्गात गेली सोळा वर्षं सीसीटीव्ही आणि नेटवर्किंगची कामं करतो. घरी अँटेना करणं हा रविवारचा उद्योग. पंधरा-वीस तरी केले असतील, त्यातले निम्मे भंगारात गेले. तुमची जागा मी पाहिलेली नाही. मांगर उंचावर आहे की घळीत, कलमं किती जुनी, घराची कुठली बाजू बागेकडे येते, यावर खाली दिलेले आकडे पाच-दहा डीबीने (डेसिबल, सिग्नलचं माप) सहज इकडेतिकडे होतील. हिशोबाची पद्धत मात्र तीच राहील.

तर आधी जमाखर्च. डीबीची सोय अशी की गुणाकार-भागाकार न करता नुसती बेरीज-वजाबाकी करायची. ३ डीबी वाढले की शक्ती दुप्पट, १० डीबी वाढले की दहापट. घरगुती राउटर साधारण २० डीबीएम (एक मिलिवॉटच्या तुलनेत मोजलेले डीबी) बाहेर टाकतो, त्याच्या काड्यांचे म्हणजे अँटेनांचे खरे ३ डीबी धरा (खोक्यावर ५ किंवा ७ लिहिलेलं असतं, ते सोडा). ३५० मीटर मोकळ्या हवेत २.४ गिगाहर्ट्झचा, म्हणजे वायफायचा, सिग्नल ९१ डीबी खर्च होतो. म्हणजे मध्ये काहीच नसतं तर मांगरावर उणे ६८ मिळाला असता, आणि त्यावर लॅपटॉप छान चालतो. पण चिऱ्याची जाड भिंत १० ते १५ खाते. झाडांचा काही नेम नाही, आठही खातील आणि वीसही. भिंतीचे १२ आणि झाडांचे ८ धरले तर उरतात उणे ८८. मोबाईलला राउटर "कधीमधी" दिसतो तो याचमुळे, कारण उणे ९० च्या आसपास सगळं संपतं.

आता तुमचा डबा. नीट केलेल्या अशा डब्याचा गेन (सिग्नल एका दिशेला एकवटून मिळणारी वाढ) सात-आठ डीबी असतो. बारा-चौदा सांगणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका. आणि आरजी-५८ केबल या फ्रिक्वेन्सीला मीटरमागे जवळजवळ एक डीबी गिळते. सहा मीटरचे सहा गेले, दोन टोकांच्या कनेक्टरचा अर्धा-पाऊण वेगळा. डब्याने जे कमावलं ते केबलने जागच्या जागी खाल्लं, आणि वर डब्यातल्या चुकीचा दंड पडला. मोबाईलपेक्षा कमी सिग्नल मिळणं म्हणजे चमत्कार नव्हे, ही साधी वजाबाकी आहे.

आरजी-५८ चा काही गुन्हा नाही. ती कमी फ्रिक्वेन्सीच्या कामाची केबल आहे, २.४ गिगाहर्ट्झला ती गळक्या पाइपासारखी वागते. एलएमआर-४०० सारखी जाड केबल मीटरला पाव डीबीपेक्षाही कमी खाते, पण ती महाग आणि वाकवायला हट्टी. आणखी एक गंमत. डिश टीव्हीची आरजी-६ केबल ७५ ओमची, वायफायचं सगळं ५० ओमचं, म्हणून लोक तिला हात लावत नाहीत. खरं तर ७५ आणि ५० च्या जोडावर फक्त चार टक्के शक्ती परत फिरते, म्हणजे ०.२ डीबी. केबलचा स्वतःचा खर्च मीटरला ०.३५ च्या आसपास. तुम्ही डिशचीच केबल वापरली असतीत तर आज बऱ्या अवस्थेत असता. अडचण फक्त कनेक्टर बसवायची.

पण माझा सल्ला या सगळ्याच्या आधीचा आहे: अँटेनाची केबल लांबवूच नका, रेडिओच अँटेनाजवळ नेऊन ठेवा. डोंगल वर अँटेनाच्या पाठीला चिकटवायचा आणि खाली यूएसबी वायर आणायची. यूएसबी वायरीत आकडे वाहतात, ते एक तर पोचतात किंवा पोचत नाहीत, वाटेत झिजत नाहीत. साधी यूएसबी वायर पाच मीटरपर्यंत चालायला हवी, पण बाजारातल्या स्वस्त वायरी तीन मीटरनंतर डोंगलला उपाशी ठेवतात आणि तो मध्येच गायब होतो. जास्त लांब न्यायची तर मध्ये रिपीटर असलेली वायर घ्या. नाहीतर जुना राउटर क्लायंट मोडमध्ये (म्हणजे तो डोंगलसारखा दुसऱ्या राउटरला जोडला जातो) टाकून वर पेटीत बसवा आणि खाली नेटवर्कची केबल आणा. ती १०० मीटर नेली तरी कुरकुरत नाही. हे शहाणपण मला फुकट मिळालेलं नाही. माझा पहिला डबा मी गच्चीवर दहा मीटर केबल लावून चढवला होता आणि दोन दिवस तो फिरवत बसलो होतो. तिसऱ्या दिवशी वैतागून लॅपटॉपच गच्चीवर नेला, डोंगल थेट डब्याला जोडला, आणि गावातली पाच-सहा नेटवर्कं एकदम दिसू लागली.

आता डब्यातली चूक. ३१ मिलिमीटर आकडा तुम्ही कुठून आणलात ते कळतं: २.४ गिगाहर्ट्झची तरंगलांबी १२.३ सेंटिमीटर, तिचा चौथा हिस्सा साधारण ३१ मिलिमीटर. तारेच्या लांबीसाठी तो बरोबर आहे. पण तार तळापासून किती अंतरावर बसवायची हे ठरवताना मोकळ्या हवेतली तरंगलांबी चालत नाही. गोल डब्याच्या आत तरंग ताणला जातो, आणि डबा जितका अरुंद तितका जास्त ताणला जातो. तुमचा डबा आतून ९९ मिलिमीटरच्या आसपास भरतो. त्यात तरंगलांबी १७९ मिलिमीटर होते, म्हणजे तार तळापासून ४५ मिलिमीटरवर हवी होती. ८३ मिलिमीटरच्या डब्यात हाच आकडा ६२ वर जातो. ७३ मिलिमीटरपेक्षा अरुंद डब्यात तर २.४ चा तरंग पुढे सरकतच नाही. बटाट्याच्या चिप्सचा उंच नळकांडा कितीही आकर्षक दिसला तरी तो याच सीमेवर लटकलेला असतो.

आणि म्हणूनच मोठा डबा नको. व्यास ९३ च्या वर गेला की त्या डब्यात दुसऱ्या प्रकारचा तरंगही नांदू लागतो, आणि झोत विस्कटतो. तुमचा डबा आधीच थोडा मोठा आहे. चालतो, पण आदर्श नाही. तीन किलोचा आमरसाचा डबा घेतलात तर नुसता पत्रा जास्त.

माझ्या मते तुम्ही डबा बाजूला ठेवून बायक्वाड करावा. दोन चौकोन एका तारेचे, मागे एक सपाट पत्रा, बस. गेन दहा डीबीच्या आसपास, झोत बऱ्यापैकी रुंद असल्यामुळे नेम धरायला सोपा, आणि मापात मिलिमीटरभर चूक झाली तरी तो रुसत नाही. घरी करायच्या अँटेनात यापेक्षा माफ करणारा दुसरा मी पाहिलेला नाही.

तार दीड ते दोन मिलिमीटर जाडीची, सरळ आणि एकसंध हवी. घरातल्या वायरिंगच्या वायरी आता बहुतेक बारीक तारांच्या असतात, त्या चालणार नाहीत. मोटार रिवाइंडिंगवाल्याकडे जा, हातभर १६ गेज वायंडिंग तार मागा. तो बहुधा पैसेही घेणार नाही. फक्त तिच्यावर वार्निश असतं, सोल्डर मारायच्या जागी पॉलिश पेपरने तांबं उघडं पडेपर्यंत घासा. तार २४४ मिलिमीटर कापा आणि मार्करने दर साडेतीस मिलिमीटरवर खूण करा. सात खुणा होतील, आठ बाजू. प्रत्येक खुणेवर पकडीने काटकोनात वाकवायचं: पहिले तीन वाक एका दिशेने, मधला चौथा उलट, पुढचे तीन पुन्हा पहिल्यासारखे. नीट जमलं तर दोन चौकोन टोकाला टोक लागून आडव्या इंग्रजी आठासारखे दिसतात आणि तारेची दोन्ही टोकं मध्यभागी येऊन भिडतात. ती एकमेकांना सोल्डर करा. आता मध्ये समोरासमोर दोन कोपरे आहेत, एक जोडलेल्या टोकांचा आणि एक चौथ्या वाकाचा. त्यांच्यात दोन-तीन मिलिमीटरची फट राहिलीच पाहिजे.

मागच्या पत्र्यासाठी १२३ बाय १२३ मिलिमीटरची तांब्याचा थर असलेली कोरी पीसीबी (सर्किट बोर्डाची पाटी) सर्वात सोयीची, कारण तिला सोल्डर चटकन धरतं. पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईला लॅमिंग्टन रोडला मिळते. नसेल तर डब्याचाच पत्रा उलगडून घ्या, मात्र सोल्डरच्या जागचा रंग खरवडा. मध्ये भोक पाडा. जुन्या बिघडलेल्या राउटरच्या काडीतली बारीक केबल तिच्या आरपी-एसएमए कनेक्टरसकट मिळाली तर सोनं, वीतभर पुरते. आधी डोंगलचा कनेक्टर पाहून घ्या, कारण एसएमए आणि आरपी-एसएमए दिसायला सारखे असतात आणि मधली पिन उलटसुलट असते. चुकीची जोडी मळसूत्रावर घट्ट बसते, पण आत पिनच भिडत नाही. यात माणसं आठवडे घालवतात.

केबल मागून भोकातून वर काढा. आतली तार एका मधल्या कोपऱ्याला, बाहेरची जाळी दुसऱ्या कोपऱ्याला आणि मागच्या पत्र्यालाही. चौकोन पत्र्यापासून १५ मिलिमीटर उंचीवर समांतर राहिले पाहिजेत. बाहेरच्या दोन टोकांना बॉलपेनच्या रिकाम्या नळीचे १५ मिलिमीटरचे तुकडे टेकू म्हणून चिकटवा. काम संपल्यावर सवयीने मल्टिमीटर लावाल आणि तो शॉर्ट दाखवेल. घाबरू नका, बायक्वाड ही बंद कडीच आहे, साध्या करंटला तो शॉर्टच दिसणार. डब्यात मात्र शॉर्ट दाखवला तर खरोखरच चूक आहे.

पत्रा सलगच हवा असं नाही. खोडदच्या जीएमआरटी दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या तीसही तबकड्या तारेच्या जाळीच्या आहेत. जाळीची भोकं तरंगलांबीच्या मानाने लहान असली की तरंगाला ती भिंतच वाटते. आपल्या १२ सेंटिमीटरला एखाद सेंटिमीटरची भोकं चालून जातात, त्यामुळे पुढेमागे स्वयंपाकघरातल्या झाऱ्यावर किंवा चाळणीवर तुमची नजर जाणार, हे मी आत्ताच सांगून ठेवतो.

बसवताना चौकोन शेजारी-शेजारी, आडवे ठेवा. दिसायला उलट वाटतं, पण असा आडवा बायक्वाड उभ्या ध्रुवणाचा असतो, म्हणजे त्याचा तरंग उभा हलतो, आणि राउटरच्या उभ्या काड्यांशी जुळतो. तो चुकून उभ्या आठासारखा बसवला तर मोकळ्या जागेत वीसेक डीबी हकनाक जातात. राउटरच्या काड्याही सरळ उभ्या करा. पंख्यासारख्या फाकवून ठेवलेल्या असतात त्या टीव्हीच्या जाहिरातीसाठी.

आता जागा. इथेच खरी कमाई आहे. पहिलं काम, राउटर चिऱ्याच्या भिंतीआडून काढून बागेकडच्या खिडकीत किंवा पडवीत आणा. फुकटात दहा डीबी, कुठलाही अँटेना न करता. दुसरं, कलमं. पानांत पाणी असतं आणि पाणी हा सिग्नल शोषतं. शिवाय दोन टोकांमध्ये नजर पोचली एवढं पुरत नाही, सिग्नलला भोवताली जागा लागते. तुमच्या अंतराला मधोमध दोन मीटर त्रिज्येचा मोकळा बोगदा तरी हवा. जुन्या पद्धतीने १० बाय १० मीटरवर लावलेली कलमं असतील तर दोन रांगांमधल्या गाळीतून नेम धरता येतो का ते पाहा. त्यासाठी अँटेना मांगराच्या छपरावरच पाहिजे असं नाही. दहा पावलं बाजूला, गाळीच्या तोंडाशी रोवलेला बांबू जास्त कामाचा ठरेल. मोकळ्या वाटेची किंमत किती असते बघा: २००७ मध्ये व्हेनेझुएलात एर्मानो पिएत्रोसेमोली आणि सहकाऱ्यांनी डोंगरमाथ्यांच्या जोडीवर साध्या वायफाय राउटरला मोठ्या डिश लावून ३८२ किलोमीटर जोडले होते. आपल्याकडे एक दाट कलम तेवढंच अवघड जातं.

आणि मार्चमध्ये जुळवलेली लाइन जुलैत चालेल असं धरू नका. एका बागेत मी मार्चमध्ये उणे ७० वर सोडून आलो होतो. मृगाचा पाऊस पडला, पानं भिजली, मालकांचा फोन आला, "भाऊ, तुमचा सिग्नल वाहून गेला." दहा डीबी तरी शिल्लक ठेवूनच काम संपवा. तुमच्या बाबतीत राउटर हलवून दहा, केबल काढून बायक्वाडने दहा, गाळी साधून पाच-सहा, असा उणे ८८ चा उणे ६२-६३ व्हायला हवा.

मोजताना सिग्नलच्या दांड्या बघू नका. मोबाईलवर किंवा लॅपटॉपवर डीबीएम दाखवणारं ॲप घ्या. अँटेना पाच अंश फिरवा, हात काढा, दोन पावलं मागे व्हा (आपणही पाण्याचीच पिशवी आहोत), अर्धा मिनिट थांबा, आकडा वहीत लिहा. वायफायचा आकडा बसल्या जागी तीन-चार डीबी नाचतो, त्यामुळे एका वाचनावर निर्णय घेऊ नका. चॅनेल १, ६ किंवा ११ पैकी सर्वात मोकळं निवडा आणि रुंदी २० मेगाहर्ट्झवर ठेवा. वेग थोडा कमी मिळेल, पण लाइन टिकेल.

एक शंका बहुतेकांना येते: अँटेना एकाच बाजूला असेल तर राउटरला आपलं बोलणं ऐकू जाईल का? जातं. अँटेना ऐकताना जेवढी मदत करतो तेवढीच बोलताना करतो. तुमचा डोंगल एका काडीचा आहे हे उलट बरंच. दोन काड्यांचा असता तर दोन बायक्वाड लागले असते, एक आडवा, एक उभा.

कोकणातली हवा धरून थोडं बांधकाम. खारा वारा उघडं तांबं महिन्या-दोन महिन्यांत हिरवं करतो, म्हणून सगळं प्लास्टिकच्या डब्यात बंद करा. तो प्लास्टिकचा डबा सिग्नल खातो का हे मायक्रोवेव्हमध्ये कळतं, कारण तोही २.४५ गिगाहर्ट्झवरच चालतो. रिकामा डबा आणि शेजारी पेलाभर पाणी ठेवून मिनिटभर चालवा. पाणी तापलं आणि डबा गार राहिला तर पास. फटी बुजवताना व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन वापरू नका, ते तांबं खातं. वायर पेटीत शिरण्याआधी तिला खाली झोळ द्या, म्हणजे पाणी तिथून टपकून जाईल. आणि वळवाच्या दिवसांत गडगडायला लागलं की यूएसबी लॅपटॉपपासून काढून ठेवा. बांबूवरच्या अँटेनाची फिकीर नाही, लॅपटॉपची आहे.

कायद्याचं विचारलं नाहीत, तरी सांगतो. २००५ च्या नियमांनुसार २.४ ते २.४८३५ गिगाहर्ट्झ पट्टा परवान्याशिवाय वापरता येतो. अँटेनासकट एकूण प्रक्षेपण ४ वॉटपर्यंत आणि अँटेना इमारतीच्या छपरापासून ५ मीटरच्या आत ही मर्यादा आहे. २० डीबीएमचा डोंगल आणि १० डीबीचा बायक्वाड मिळून १ वॉट होतो, म्हणजे तुम्ही आत आहात. ॲम्प्लिफायर विकणारे भेटतील, त्यांना नमस्कार करून पुढे जा.

आणि खरं सांगायचं तर, मांगरात कॅमेरे लावून बाराही महिने लाइन चालू ठेवायची असेल तर हे काहीच करू नका. बाहेर लावायचे तयार पॉइंट-टू-पॉइंट संच मिळतात, पावसाला बनवलेले, त्यांची जोडी घ्या. तुमचं काम हंगामापुरतं आहे, डोंगल घरात पडलेला आहे आणि हाताला खाज आहे, म्हणून एवढं लिहिलं.

क्रम असा ठेवा: आधी राउटर खिडकीत आणून मांगरावर मोबाईलचा आकडा घ्या. मग डोंगल नुसत्या त्याच्या काडीसह गाळीच्या तोंडाशी नेऊन बघा. कुणी सांगावं, तिथेच काम होऊन जाईल. नाही झालं तर बायक्वाड.

डबा टाकून देऊ नका. जुन्या भोकावर पत्र्याचा तुकडा सोल्डर करून ते बुजवा, ४५ मिलिमीटरवर नवं पाडा, डोंगल मधल्या केबलशिवाय थेट जोडा आणि त्याच बांबूवर बायक्वाडच्या जागी लावून बघा. दोन्हींचे आकडे मला कळवा. माझ्या अंदाजाने डबा दोन-तीन डीबीने मागे पडेल, पण आमरसाच्या डब्याने मला याआधीही एकदा खोटं पाडलंय.